चढ नावे, उतार जमा

सरळ रस्ता समोर असताना वाकडी वाट शोधणारा प्राणी सृष्टीत एकच. बैल आपण होऊन चढाला लागत नाही; पाणी तर मुळीच लागत नाही. माणूस मात्र रस्ते सपाट करण्यात हजारो वर्षं घालवतो, आणि ते एकदाचे सपाट झाले, की सुट्टीच्या दिवशी सायकल घेऊन कुठं चढ शिल्लक राहिलाय का ते नकाशात हुडकत बसतो.

स्कॉटलंडच्या डोंगरांतून सायकलची अवघड वाट आखणं हा तिकडच्या लोकांचा आवडता शौक आहे. त्यांना निदान घराण्याची परंपरा तरी आहे. हवेचं टायर 1888 साली बेलफास्टमध्ये चालवून दाखवणारा जॉन बॉइड डनलॉप मूळचा स्कॉटलंडचाच. पोराच्या तीनचाकीला रस्त्याचे हादरे बसू नयेत म्हणून बापानं टायर केलं. आता त्याच टायरवर बसून लोक मुद्दाम दगडांतून जातात. बाप लोकांच्या कष्टाचं चीज बहुधा असंच होतं.

आमच्या बारामतीत चढ म्हणजे नीरा डावा कालव्याचा पूल. त्याहून उंच काही हवं असेल तर तालुका ओलांडावा लागतो. तरीही 2015 साली बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सुट्टी सुरू झाली, आणि आमच्या शाखेतल्या दोघातिघांना डोंगराची ओढ लागली. त्यांनी आखलेली वाट अशी: बारामतीहून मोरगाव, जेजुरी, सासवड, नारायणपूर, तिथून वर पुरंदर; मग कापूरहोळला उतरून शिरवळ, लोणंद, नीरा, सोमेश्वरनगर करत पुन्हा बारामती. पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटर. बारामती समुद्रसपाटीपासून सुमारे 1,800 फुटांवर, पुरंदर सुमारे 4,500 फुटांवर. किल्ला लष्कराच्या ताब्यात, तेव्हा ओळखपत्र खिशात हवं आणि अंधाराच्या आत खाली यायला हवं. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे जाताना छातीवर. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, आणि चक्रवाढ व्याज काय चीज आहे ते पायांना कळतं. गळीत हंगामात सोमेश्वरनगरच्या बाजूला उसाच्या ट्रॉल्या. बाभळीचा काटा बाराही महिने.

वाट आखण्याची खरी मजा कॉमर्सवाल्यालाच कळेल. जिथून निघालो तिथंच परतायचं असेल, तर जितके फूट चढाल तितकेच उतराल. चढ नावे, उतार जमा. तेरीज पैशाला पैसा जुळते. फक्त चढाला दोन तास लागतात आणि उतार वीस मिनिटांत संपतो. हिशेब फुटांऐवजी तासांत मांडला, की खातं कायम तोट्यातच.

हा बेत शाखेत जाहीर झाला तेव्हा आमच्या शिपाईमामांनी चहाचे कप उचलता उचलता विचारलं, "साहेब, पेट्रोलला पैसे कमी पडतात का?"

सगळे हसले. पण तत्त्वज्ञानाचा प्रश्न याहून थोडक्यात कुणी मांडला नसेल. बारामती एमआयडीसीत पहाटेच्या पाळीला दहा-बारा किलोमीटरवरच्या खेड्यातून सायकल मारत येणारी माणसं अजून आहेत. हल्ली मोटारसायकली झाल्या हे खरं. पण कंत्राटावरच्या माणसाला महिनाअखेर पुन्हा सायकलच आठवते. त्याच्या सायकलीला गिअर नाही, त्याच्या घामाचे फोटो नाहीत. आणि वीस वर्षांत तो किती किलोमीटर चालवून बसला याची नोंद कुठल्याच खतावणीत नाही. त्याच्यासमोरून एखाद्यानं भारी सायकल घेऊन हौसेनं दमायला जावं, ही कष्टाची थट्टाच नव्हे का?

प्रश्न वजनदार आहे, आणि तो टाकून खुर्चीत बसून राहणं फार सोयीचं आहे. डोंगरावर न जाण्याला इतकं नैतिक कारण सहसा मिळत नाही.

पण मग आषाढी येते आणि युक्तिवादाला पंक्चर होतं. तुकोबांची पालखी बारामतीवरून सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करत पंढरीला जाते. ज्ञानोबांची दिवे घाट चढून सासवड-जेजुरीवरून जाते. तिच्याबरोबर चालतं कोण? वर्षभर ज्यांनी ऊस तोडला, माती उकरली, पाळ्या केल्या, तीच माणसं. ज्यांच्या वाट्याला कष्ट आधीच भरपूर, ती रजा टाकून, रोज बुडवून आणखी कष्ट पत्करतात! आणि दिवे घाटात घामाघूम झालेल्या वारकऱ्याला "दमलात का माउली?" म्हटलं, तर तो हसतो. पाळीवरून परतताना हेच विचारलं तर हसणार नाही. पाय तेच, घाम तोच.

फरक चढात नाही. आपण होऊन निघालो, आणि वाटलं तर मागं फिरू शकतो, यात आहे. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी 2015 साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सुमारे 4,800 किलोमीटरची सायकल शर्यत दोघांत मिळून नऊ दिवसांच्या आत पुरी केली. त्यांना कुणी "जा" म्हटलं नव्हतं, म्हणूनच आपल्याला त्याचं कौतुक. उलट 1665 साली पुरंदर लढवताना मुरारबाजी पडला. त्याला शत्रूनं कौल देऊ केला होता, परतीची वाट मोकळी होती. ती त्यानं घेतली नाही, म्हणून आपण त्याचं नाव घेतो. परतीची वाटच नसलेल्याच्या कष्टाला मात्र आपण शौर्य म्हणत नाही, हजेरी म्हणतो.

तेव्हा हौसेनं चढणाऱ्याला लाज वाटण्याचं कारण नाही. त्यानं चढ सोडला म्हणून पहाटेच्या पाळीवाल्याचं एक पायडलही कमी होणार नाही. लाज वाटायचीच तर वेगळ्या गोष्टीची वाटावी: आमच्या साहेबांना महिन्यातले दोन शनिवार आणि सगळे रविवार मिळतात, आणि कंत्राटावरच्याला वारीची रजासुद्धा मजुरी कापून घ्यावी लागते. चढ सगळ्यांना सारखाच आहे, सुट्टी नाही.

न्याय म्हणजे सगळ्यांचे रस्ते सपाट करणं, अशी एक समजूत आहे. करावेत, जरूर करावेत; खड्डे तर आधी बुजवावेत. पण माझ्या मते न्याय झाला हे ओळखायची खूण दुसरी. एमआयडीसीतला एखादा कामगार सुट्टीच्या दिवशी, पोटभर जेवून, पायात जोर शिल्लक असताना घरात नकाशा पसरून बसलाय, पुरंदरला नारायणपूरकडून चढावं की कसं याचा खल करतोय, आणि त्याची बायको म्हणतेय, "अहो, काही कामधंदा आहे का नाही तुम्हाला?"

काहीही गरज नसलेला एक चढ प्रत्येकाला परवडला पाहिजे. शिपाईमामांना मी हे सांगून पाहिलं. त्यांनी ऐकून घेतलं, कप विसळले आणि म्हणाले, "चढाचं राहू द्या साहेब, आधी तेवढ्या रजेच्या अर्जावर सही घ्या."

आषाढीला दहा दिवस होते.