रविवार कोणाचा?

रविवारची सुटी आपल्याकडे आपोआप उगवलेली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून सभा भरवल्या, अर्जांवर सह्या गोळा केल्या. तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी मालकांनी ती कबूल केली. त्या दिवसापुरती मालकाची सत्ता गिरणीच्या दाराशी थांबू लागली.

आज ते दारच उरलेले नाही. २०२० च्या टाळेबंदीत कचेरी घरात आली, ती पुरती परत गेलीच नाही. रविवारी दुपारी मोबाइलवर साहेबांचा निरोप येतो : ‘सवडीने पाहा, घाई नाही.’

मला कोडे पडते ते या सौजन्याचेच. ज्याच्या हाती आपली बढती, त्याची विनंती ही विनंती असते काय? नकाराची मोकळीक नसेल, तर होकाराला किंमत ती कोणती? ‘आमची माणसे आनंदाने करतात,’ असे साहेब म्हणतात, तेव्हा ते खोटे बोलत नसतात. नकार त्यांच्या कानी कधी पडलेलाच नसतो!

कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याचा हक्क फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आला. कायदा हवाच. पण तो फार तर दार लावून देईल. ते न ठोठावण्याची सभ्यता माणसानेच आणायची. सहज मागता येईल ते न मागणे, हीच मला अधिकाराची कसोटी वाटते. निरोप लिहून सोमवार उजाडेपर्यंत स्वतःपाशी ठेवणारा वरिष्ठ खरा मोठा. त्याच्या संयमाची कोणाला खबरही नसते. हाताखालच्या माणसाच्या घरी चकल्यांचा घाणा निवांत निघतो, एवढेच.