हू, सः, तत्

दौलताबादचा घाट चढून खुलताबादेत शिरले म्हणजे बुऱ्हाणुद्दीन गरीब या चिश्ती साधुपुरुषाचा दर्गा लागतो. १३२७ साली महंमद तुघलकाने राजधानी देवगिरीस हलविली, त्या धामधुमीच्या काळात दिल्लीहून आलेला निजामुद्दीन अवलियांचा हा शिष्य १३३७ साली निवर्तला. अशा दर्ग्यांच्या उंबऱ्याशी फकीर ‘अल्ला हू’ असा पुकारा करतो, तेव्हा ईश्वराचे नाव झटकन उच्चारले जाते, पण ‘हू’ मात्र ओठांचा चंबू करून छातीतला श्वास सरेपर्यंत लांबविला जातो. आणि ज्या अक्षरापायी एवढा श्वास खर्ची पडतो ते नाम नव्हेच, ‘हुव’ या अरबी सर्वनामाचे आखूड झालेले रूप, म्हणजे नुसता ‘तो’ आहे. नामाचा एवढा महिमा गाणाऱ्यांना नामापुढे सर्वनाम का ठेवावेसे वाटले?

प्रथम एक मोह आवरला पाहिजे. सिंधूचा हिंदू ज्या नियमाने झाला त्याच नियमाने संस्कृत ‘सः’ अवेस्ता भाषेत ‘हो’ होतो, आणि यावरून ‘हू’ व ‘सः’ ही सख्खी भावंडे ठरविण्याची घाई पुष्कळांना होते. परंतु अरबी ‘हुव’ सेमिटिक कुळातला. हिब्रूत तो ‘हू’ होतो, प्राचीन बाबिलोनच्या अक्कडी भाषेत ‘शू’. फारसीतला ‘ऊ’ तर या दोघांहून निराळा, ‘अव’ या जुन्या इराणी दर्शक सर्वनामापासून आलेला. वतनाच्या दफ्तरात नावे जुळली एवढ्यावर कोणी वारस ठरत नाही, तसेच हे आहे.

मला त्याहून मोलाचे वाटते ते हे की, रक्ताचे नाते नसताना विचार एकाच वाटेने गेला. संस्कृताने ‘तत्’ या सर्वनामास ‘त्व’ प्रत्यय लावून ‘तत्त्व’ शब्द घडविला, ज्याचा अक्षरार्थ ‘ते-पणा’. अरबी तत्त्वचिंतकांनी ‘हुव’पासून ‘हुविय्या’, म्हणजे ‘तो-पणा’, घडविला. नाम आले की रूप, गुण, कूळ, पंथ सारे मागोमाग येते; सर्वनाम फक्त बोट दाखविते. एरवी सर्वनामाला आधी एखादे नाम लागते. पण कुराणाच्या ११२ व्या सुरेत ‘सांग’ या आज्ञेपाठोपाठ हाच ‘हुव’ येतो, आणि ‘अल्ला’ हे नाम त्याच्या मागून.

तथापि भक्ताची एक तक्रार उरतेच, आणि ती मला रास्त वाटते. अरबी वैयाकरण या पुरुषास ‘गायब’, म्हणजे समोर नसलेला, म्हणतात. आणि जो समोरच नाही त्याच्याशी भांडावे कसे, रुसावे कसे? म्हणून नामदेव-तुकारामांचा विठ्ठल बहुधा ‘तू’ असतो. उलट संस्कृत व्याकरणात ‘तो’ हा प्रथम पुरुष, ‘तू’ मध्यम आणि ‘मी’ उत्तम. नाथपंथीयांचा ‘सोऽहम्’ प्रथमाला एकदम उत्तमाशी जोडतो आणि मधला ‘तू’ ओलांडून जातो. दिवसाच्या २१,६०० श्वासांबरोबर हा जप आपोआप चालतो असे ते मानतात; सूफींच्या साधनेतही ‘पास-ए-अन्फास’, म्हणजे श्वासांची राखण, आहे. जो गायब त्याला निदान श्वासाइतके जवळ आणावे, ही धडपड दोन्हीकडे सारखीच दिसते.

या दोन परंपरा दौलताबादेत परस्परांस अपरिचित राहिल्या नसाव्यात. तेथील किल्लेदार जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले सूफी वेषात वावरत असे परंपरा सांगते, आणि श्रीगोंद्याचे शेख महंमद, ‘योगसंग्राम’कर्ते, त्याच चांद बोधल्यांचे शिष्य मानले जातात. पैठणहून त्या गडावर विद्येसाठी आलेल्या एकनाथांनी पुढे आपल्या अभंगांवर ‘एका जनार्दनी’ ही मुद्रा उमटविली. तिच्यातील ‘जनार्दनी’ ही सप्तमी मानावी असे माझे मत आहे. तसे वाचले तर तेथे ‘तो’ नाही, ‘तू’ नाही, ‘मी’ही नाही, एका नावात दुसरे नाव राहावयास गेले आहे, आणि नामाचा त्याग न करताही सर्वनामाने जे साधावयाचे ते एकनाथांनी विभक्तीच्या एका प्रत्ययाने साधले आहे.