देव न मानणाऱ्याचे सौजन्य



मागे एका रविवारी उपासना आटोपून मी शिरोळच्या एस. टी. स्थानकावर आलो. गाडी लागताच काखेत पवित्र शास्त्र धरून मी गर्दीत घुसलो व खिडकीजवळची जागा पटकावली. मागून एक म्हातारी डोक्यावरची पाटी सांभाळीत चढली. तिला आपली जागा दिली ती माझ्या शेजारच्या गृहस्थाने. पुढे बोलता बोलता कळले की, हा मनुष्य कोणताच देव मानीत नाही. "मग आपण उठलात का?" असे मी विचारले. तो म्हणाला, "आजीला उभे राहवत नव्हते." ह्या उत्तरात मला काही उणे काढता येईना. त्या सकाळचा उपदेश शेजाऱ्यावरील प्रीतीविषयी होता, आणि तो मीच केला होता!

देवाचे भय नाही तेथे नीती कोठून असणार, असे आपण उपदेशक सहज बोलून जातो. अनुभव तसा नाही. गोपाळ गणेश आगरकर हे १८५६ साली कऱ्हाडजवळ कृष्णाकाठच्या टेंभू गावी जन्मले. ईश्वराविषयी निश्चित काही कळत नाही असे त्यांचे मत होते. तथापि पोटापुरत्या वेतनात संतोष मानून उरलेला काळ परहितार्थ वेचीन, असे त्यांनी आपल्या आईस कळविले व १८९५ साली मृत्यू येईपर्यंत तसे करून दाखविले. विरोधकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तरी त्यांनी आपला मार्ग सोडला नाही. स्वर्गाची आशा वा नरकाची भीती त्यामागे नव्हती.

तीच कृष्णा पुढे आपल्या तालुक्यात येते. २०१९ च्या ऑगस्टात तिला व पंचगंगेला महापूर आला, गावेच्या गावे वेढली गेली. नावेत हात देऊन घेणाऱ्याचा धर्म कोणता, हे विचारीत बसण्याचा तो प्रसंग नव्हता.

येथे कोणी विचारील, "धर्मावाचून मनुष्य चांगला वागतो, तर मग विश्वासाची गरज काय?" प्रश्न खरा आहे. काहीजण, त्याचे चांगुलपण अहंकाराचे आहे, असे म्हणून सुटका करून घेतात. असे म्हणण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल सांगतो की, ज्यांना नियमशास्त्र मिळाले नाही त्यांच्याही अंतःकरणात त्याचे कार्य लिहिलेले असते. प्रभूने दृष्टान्तात याजकाला पुढे जाऊ दिले व शोमरोन्याला थांबविले.

माझी समजूत अशी आहे की, विश्वास हा सदाचरणाचा मक्ता नव्हे. दिवा आपल्याच घरी आहे असे समजून शेजाऱ्याच्या घरचा उजेड नाकारणे हे खोटेपण होय. विश्वासाचे काम निराळे आहे. त्या दिवशी मी चुकलो, हे मला त्या गृहस्थाने दाखविले. पण त्या चुकीची क्षमा मागून पुन्हा उठावयाचे बळ मला प्रभूपाशी मिळाले. हे ज्याला मिळाले त्याने अधिक नम्र व्हावे, अधिक उद्धट नव्हे.

म्हणून नळावर पाळी मोडू नये. दवाखान्यात ओळखीने पुढे घुसू नये. कोणाचीही प्रेतयात्रा जात असता वाट द्यावी. शेजाऱ्याच्या सणाची थट्टा करू नये. ह्या गोष्टी लहान खऱ्या. परंतु गाव आपले शास्त्र वाचीत नाही, आपली वागणूक वाचते.

पुढच्या रविवारी गाडीत मी उभा राहीन. त्यात पुण्य काही नाही. कोण्या आजीला बसावयास हवे, इतकेच.