शंभर टक्के कोणाचे?

शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल लागला की मोहल्ल्यात गुणगौरव ठरतो. हार, प्रमाणपत्रे, फोटो. अशा व्यासपीठांवर आम्हीही मिरवलो आहोत; म्हणून हा प्रश्न आधी आम्हालाच विचारतो.

ही परीक्षा 2017 साली चौथीतून पाचवीत गेली होती. दोन पेपर, प्रत्येकी 150 गुणांचे. भाषा, गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता. परीक्षा ऐच्छिक असते आणि शेकडा निकाल बसलेल्या मुलांवर निघतो, वर्गातल्या सगळ्यांवर नाही. मोह शिरतो तो इथेच. कच्च्या मुलाचा फॉर्मच भरला नाही की निकाल शंभर टक्के!

एका शाळेच्या समितीवर असताना चाळीसांतली बारा मुले निवडायला आम्ही मान डोलावली. जादा तास त्या बारांनाच मिळाले. उरलेल्या अठ्ठावीसांत सकाळी बापाची हातगाडी लावून मग शाळेत येणारी मुले होती. खोटे कोणी बोलले नाही. आकडाही खरा होता. तरी इन्साफ झाला नाही.

परीक्षा वाईट नव्हे. मूल कुठे अडते, ते तीच दाखवते. पण ज्याला ताप आहे त्यालाच थर्मामीटर लावायचा नाही, ही कसली हुशारी?

आईबापांनी चाळीस मुले अमानत म्हणून सोपवली होती. हिशेब आम्ही बारांचा दिला आणि टाळ्या घेतल्या. पुढच्या समारंभाला जाण्यापूर्वी एवढेच विचारू: फॉर्म किती जणांचा भरला नाही?