समुद्राने माझी वेळ विचारली नाही



आजचा श्लोक गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला, ७०वा. साध्या भाषेत अर्थ असा: चहूकडून पाणी येऊन मिळत राहतं, तरी समुद्र आपली जागा सोडत नाही. तशा सगळ्या इच्छा ज्याच्यात येऊन विरून जातात त्याला शांती मिळते. इच्छांच्या मागे धावणाऱ्याला नाही. ज्ञानेश्वर माऊली यावर सांगतात, की सगळ्या नद्या येऊन मिळाल्या म्हणून समुद्र वाढत नाही आणि उन्हाळ्यात त्या आटल्या म्हणून कमीही होत नाही.

हा श्लोक मला लहानपणापासून पाठ आहे. थोडाफार कळला तो इंग्लंडमधल्या एका किनाऱ्यावर, आणि तेही मान खाली गेल्यावर.

तिथे 'कोस्ट टू कोस्ट' नावाची पायवाट आहे. आल्फ्रेड वेनराइट यांनी १९७३ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं, तेव्हापासून लोक ती चालतात. पश्चिमेला आयरिश समुद्राकाठच्या सेंट बीज गावातून निघायचं आणि डोंगर, कुरणं, माळरानं ओलांडत पूर्वेला नॉर्थ सीच्या काठी रॉबिन हुड्स बे गावात पोचायचं. अंतर साधारण ३०० किलोमीटर. रीत अशी, की निघताना बूट समुद्रात बुडवायचे, किनाऱ्यावरचा एक खडा खिशात टाकायचा आणि तो पलीकडच्या समुद्रात सोडायचा. वारकरी घरातल्या मुलीला यात नवल ते काय वाटणार!

माझा मावसभाऊ तिकडेच राहतो. दादा चालणारा, मी धावणारी. ठरलं असं, की चढ दोघांनी चालायचा, सपाटीला मी थोडं धावून पुढे थांबायचं.

वाटेत मध्यावर नाइन स्टँडर्ड्स नावाचा डोंगरमाथा लागतो. वर दगडांचे नऊ उंच मनोरे आहेत. तिथे दादा म्हणाला, "हा पाणलोट बरं का. इकडच्या उतारावरचं पाणी ईडन नदीतून आयरिश समुद्राला जातं, तिकडचं स्वेलमधून नॉर्थ सीला."

मी विचारलं, "आधी कोण पोचतं?"

तो हसला. "हे पाण्याला माहीत नसतं गं."

मी ते तिथेच विसरले.

शेवटचा टप्पा ग्रॉसमाँटपासून, जवळजवळ २५ किलोमीटर. दोन दिवसांपासून दादाचा गुडघा सुजला होता. आणि मी ऑफिसच्या ग्रुपवर सांगून ठेवलं होतं, की दुपारी दोनच्या आत पोचते, लाइव्ह ट्रॅकिंग बघा! गावाबाहेरच्या उभ्या चढावर दादा प्रत्येक पावलाला थांबू लागला, तेव्हा मी घड्याळाकडे पाहत म्हणाले, "दादा, मी होऊ का पुढे? माझं जॅकेट आणि खाऊची पिशवी तुझ्याकडे ठेवशील? हलकं झालं की धावता येईल."

"जा की. मी येतो सावकाश."

मी गेले. शेवटचे काही किलोमीटर समुद्राला लागून कड्यावरून, मग गावातली तीव्र उताराची गल्ली, आणि गल्ली संपते तिथेच पाणी. दोनला दहा मिनिटं कमी होती. घड्याळ थांबवलं, बूट बुडवले, फोटो टाकला, अंगठे आले. मग खड्यासाठी खिशात हात घातला.

खडा जॅकेटमध्ये होता. जॅकेट दादाकडे.

तीन तास तिथे बसले. वाऱ्याने कुडकुडत होते. समोर समुद्र होता, त्याने माझी वेळ विचारली नाही. एवढी घाईने आणलेली माझी नदी त्याच्यात थेंबभरही वाढ करू शकली नव्हती. मला आजीची दिंडी आठवली. कुणाचे पाय सुजले की तिची पिशवी दुसरी बाई घेते. मी मात्र सुजलेल्या गुडघ्याच्या माणसाच्या पाठीवर माझं ओझं देऊन आले होते, आणि त्याला 'पोचणं' म्हणत होते.

दादा आला तो काठीवर रेलत. पहिलं वाक्य काय? "थंडी वाजली असेल, आधी जॅकेट घाल."

मी वाकून नमस्कार केला. रडूच आलं. तो म्हणाला, "अगं, गुडघ्याला धक्का लावू नकोस म्हणजे झालं!"

मग दोघांनी आपापले खडे पाण्यात सोडले. लाट आली आणि गेली. तिथल्या हजारो खड्यांत आमचे कुठले, ते दोघांनाही ओळखता येईना.

मंडळी, या श्लोकात इच्छाच येऊ देऊ नका असं म्हटलेलं नाही. नद्या येणारच. धावा, टार्गेट ठेवा, मेडल घ्या. पण ती इच्छा आपल्याला कडेच्या माणसापासून तोडून पुढे नेऊ लागली, की समजावं, आपण समुद्राकडे निघालेलो नाही, फक्त पुराच्या पाण्यासारखे सुटलो आहोत.

आजचा अभ्यास छोटाच. आज ज्या कामात तुम्ही सगळ्यात घाईत असाल, तिथे एकदा मागे वळून बघा. तुमचं जॅकेट कुणाच्या हातात आहे? जमलं तर थांबा आणि ते परत घ्या.

राम कृष्ण हरी!