वर्षाची बेगमी आणि वासनिकाचा संसार

जीव अनादिकाळापासून बद्ध आहे, हा सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या मार्गातील पहिला पाठ होय. त्या बंधांचा विचार आपल्या शास्त्रकारांनी इतक्या सूक्ष्मपणे केला आहे की त्यात नव्याने भर घालण्याचे प्रयोजन नाही. परंतु वासनिकाच्या घरी महिन्याच्या सात-आठ तारखेस जो एक बंध येऊन दाराची कडी वाजवितो, त्याचा उल्लेख निरूपणात क्वचितच होतो. तो बंध ऋणाचा. प्रातःकाळी नामस्मरणास बसलेल्या गृहस्थाच्या मुखात परमेश्वराचे नाम असते आणि मनात हप्त्याची तारीख असते. मग तेथे स्मरण कोणाचे घडले? या प्रश्नाचे उत्तर ज्ञानचर्चेत शोधण्यापूर्वी घराच्या खर्चवहीत शोधावे लागते, हे रुक्ष वाटले तरी खरे आहे.

हा प्रश्न आज जेथे सर्वांत तीव्रतेने उभा आहे, ते ठिकाण म्हणजे पुण्याच्या उत्तरेस पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेला कारखान्यांचा पट्टा. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यावर भोसरी, चिंचवड, आकुर्डी येथील माळरानांवर भूखंड पडले. १९७० साली तेथे नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका झाली, आणि पुढे २००९-१०च्या सुमारास मोटारींचे मोठे कारखाने चाकणला उभे राहिले. या कारखान्यांच्या भोंग्याबरोबर विदर्भ, मराठवाडा व खानदेशातील कितीतरी कुटुंबे गाव सोडून इकडे आली. त्यांतील काही घरे परंपरेने आपल्या मार्गाची आहेत. मोशी, कुरुळी, निघोजे, महाळुंगे येथील भाड्याच्या खोल्यांतून सकाळच्या पाळीला निघणारा तरुण गळ्यात कंपनीचे ओळखपत्र घालण्यापूर्वी देवपूजेपुढे दंडवत घालतो, हे दृश्य तेथे नवे नाही.

या कुटुंबांनी गाव सोडताना एक गोष्ट मागे राहिली, आणि ती राहिली हे पुष्कळांच्या लक्षातही आले नाही. ती गोष्ट म्हणजे वर्ष. शेतकऱ्याचे उत्पन्न वर्षाचे असते व खर्चही वर्षाचा असतो. खळ्यावर रास पडली की बियाणे बाजूला काढावयाचे, बलुतेदारांचे माप घालावयाचे, घरची कणगी भरावयाची आणि मग उरेल ते बाजारात न्यावयाचे, हा क्रम आजीला पाठ होता. त्यासाठी तिला लिहिता-वाचता यावे लागत नव्हते. गावात सर्व आलबेल होते असे मात्र कोणी समजू नये. याच पुणे जिल्ह्यातील सुपे येथे १८७५ साली कर्जाने गांजलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली व दख्खनच्या दंग्यांस आरंभ झाला, हा इतिहास आहे. तरीही वर्षाचे माप डोळ्यांसमोर ठेवून जगण्याची शिस्त गावाजवळ होती. कारखान्यात आल्यावर पगार महिन्याचा झाला. संसार मात्र वर्षाचाच राहिला. शाळेचे प्रवेशशुल्क जूनमध्येच येते, रिद्धिपूरची यात्रा तिच्याच तिथीस असते, गावाकडील लग्ने वैशाखातच निघतात. महिन्याच्या डोळ्यांनी वर्षाकडे पाहिले की यांतील प्रत्येक खर्च अकस्मात कोसळल्यासारखा वाटतो, आणि अकस्मात कोसळलेल्या खर्चास कर्जावाचून दुसरे उत्तर सुचत नाही.

उदाहरणादाखल चौघांचे एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. गृहस्थ कंत्राटी कामगार आहे व महिन्याला १८,००० रुपये घरी आणतो असे धरू. तो आपले उत्पन्न विचारले असता १८,००० असेच सांगेल, आणि येथेच पहिली चूक होते. कंत्राटाच्या कामात खाडे पडतात, एक कंत्राट संपून दुसरे मिळेपर्यंत काही दिवस रिकामे जातात; म्हणून वर्षाचे पगार बारा न धरता अकरा धरावे. ते झाले १,९८,०००. दिवाळीचा बोनस १२,००० धरला तर एकूण २,१०,०००. भाडे मात्र बारा महिने द्यावेच लागते. ५,००० प्रमाणे ते ६०,००० गेले. वर्षाचे धान्य म्हणजे गहू तीन क्विंटल, ज्वारी एक, तांदूळ एक आणि तूरडाळ तीस किलो घेतल्यास, भाव मध्यम धरून, २१,८०० होतात. गॅसच्या आठ टाक्यांचे ७,२०० धरावे. उरले १,२१,०००. यास बाराने भागले असता महिन्याला १०,००० हून थोडे अधिक येते. दूध, भाजी, तेल, वीज, शाळा, औषध, प्रवास, वस्त्र, यात्रा, दानधर्म हे सर्व त्या दहा हजारांत बसवावयाचे आहे. जो स्वतःस अठरा हजारांचा धनी समजून खर्च करतो, तो प्रत्यक्षात दहा हजारांचा धनी असतो. मधले अंतर दुकानाच्या उधारीच्या वहीत भरून निघते.

या गणितातील बोनसकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. १९६५ च्या कायद्याने किमान बोनस वार्षिक वेतनाच्या ८.३३ टक्के ठरविला, आणि २०१९ च्या वेतन संहितेतही तोच आकडा राहिला. शंभरास बाराने भागले की हाच आकडा येतो. कायद्याने त्यावर पगाराची मर्यादा घातलेली असल्यामुळे हाती येणारी रक्कम पुष्कळदा पूर्ण पगाराहून कमी असते, परंतु हिशेब मुळात बाराव्या हिश्शाचा आहे. याचा अर्थ असा की बोनस ही दिवाळीची ओवाळणी नव्हे. वर्षभर केलेल्या कामाचाच तो एक मागाहून आलेला भाग आहे. तो येतो दिवाळीच्या पाडव्याच्या आगेमागे. गव्हाच्या खरेदीचा काळ येतो गुढीपाडव्यापासून पुढे, नवे धान्य बाजारात उतरते तेव्हा. या पाडव्यापासून त्या पाडव्यापर्यंत सुमारे पाच महिने ती रक्कम जपून ठेवणे, ही औद्योगिक वसाहतीतील गृहस्थाची खरी परीक्षा होय. भ्रमणध्वनीचा नवा संच, दुचाकीची आगाऊ रक्कम, दूरचित्रवाणीचा मोठा पडदा या सर्वांच्या जाहिराती नेमक्या त्याच पंधरवड्यात का येतात, हे व्यापाऱ्यास विचारण्याची आवश्यकता नाही.

ज्याने ती रक्कम जपली त्याच्या घरी चैत्रात कोठी भरते. धान्य कडक उन्हात वाळवून, निववून, कडुनिंबाचा पाला घालून पत्र्याच्या कोठीत भरले आणि झाकण घट्ट बसविले, तर पावसाळ्यातही पोरकिड्यांचा उपद्रव पुष्कळ कमी होतो. चाकणचा कांद्याचा बाजार तर अशा गृहिणीच्या दारातच आहे. मात्र साठवणीसाठी उन्हाळ्यात निघणारा गरवा कांदा घ्यावा. पावसाळी हंगामातील हळवा कांदा स्वस्त दिसला म्हणून पोतेभर आणला तर महिन्याभरात त्यास मोड फुटतात व वास सुटतो. दहा बाय दहाच्या खोलीत पाच क्विंटल धान्य कोठे ठेवावे, हा आक्षेप रास्त आहे. जागा नसेल तर सहा महिन्यांचे भरावे. पलंगाखाली दोन कोठ्या बसतात. उधारीवर पाच-पाच किलोच्या पिशव्या आणणाऱ्यास भाव करण्याचा अधिकारच उरत नाही, कारण दुकानदाराचे मागील देणे बाकी असते.

२०२० सालचा गुढीपाडवा २५ मार्च रोजी होता. त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. या पट्ट्यातील यंत्रे थांबली, कंत्राटी कामगाराचा पगार थांबला, आणि हजारो माणसे आपापल्या गावांची वाट धरून पायी निघाली. त्या वर्षी बेगमी करावयास बाजारच उघडा नव्हता, त्यामुळे ज्या घरात मागील वर्षाचे धान्य शिल्लक होते त्यांनी त्यावर दिवस काढले. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या वृद्धांना शिधापत्रिकेवर मिळालेली तांबडी मिलो ज्वारी आठवत असेल. त्या पिढीला कोठीचे महत्त्व सांगावे लागत नसे. तिच्या नातवंडांना ते २०२० ने सांगितले.

आता ऋणाकडे वळू. हातउसने म्हणून घेतलेल्या रकमेवर शेकडा पाच रुपये महिना हा दर ऐकताना हलका वाटतो. २०,००० रुपयांवर तो महिन्याला १,००० होतो, वर्षाला १२,००० होतो, आणि मुद्दल जेथल्या तेथे उभे राहते. वरील कुटुंबाचा बोनस १२,०००च धरला होता. म्हणजे एका लहानशा कर्जाच्या केवळ व्याजात वर्षाचा सारा बोनस गेला, चैत्रातील गहू गेला, आणि पुढील बारा महिने उधारीच्या पिशव्या आल्या. सोने गहाण टाकून घेतलेले अथवा पतसंस्थेचे कर्ज स्वस्त असते हे खरे. परंतु तेही त्या दहा हजारांतूनच फिटावयाचे असते.

हे ऋण मद्यापायी अथवा जुगारापायी झाले असेल तर त्याची निंदा करण्यास सर्वच सिद्ध असतात. येथे विचार करावयाचा आहे तो निराळ्या ऋणाचा, जे धर्माच्या नावाने काढले जाते. शेजारच्या घराने पाचशे पात्रांचा उपहार केला, म्हणून आपणही करावा. तेथे महंतांना जशी वस्त्रे अर्पण झाली तशी आपल्याकडून व्हावीत. यात्रेस बसने जाण्याऐवजी खासगी गाडी करावी, नातलगांसही न्यावे. या सर्वांचा खर्च शेकडा पाचने उचलला जातो, आणि सोहळा पार पडल्यावर सभेत त्या गृहस्थाच्या उदारतेचा गौरव होतो. गौरव करणाऱ्यांस त्याचे ऋण ठाऊक नसते, पण ते विचारतही नाहीत. जे द्रव्य अद्याप आपले झालेले नाही ते दान कसे करता येईल? ते दान सावकाराचे आहे. गृहस्थ केवळ त्याचा हमाल झाला आहे. श्रीकृष्ण चक्रवर्तींनी गीतेच्या नवव्या अध्यायात भक्तीने अर्पिलेल्या पानाफुलाचा आणि पाण्याचाही स्वीकार सांगितला आहे, आणि सतराव्या अध्यायात देश, काल व पात्र पाहून दिलेले दान सात्त्विक म्हटले आहे. रिद्धिपुरात श्रीगोविंदप्रभू कोणत्याही घरी जात व तेथे जे असेल ते आरोगीत, हे त्यांच्या चरित्रावरून सर्वांस ज्ञात आहे. त्या घरांनी त्यासाठी खत लिहून दिले नव्हते.

या ठिकाणी भिक्षुमंडळाविषयीही दोन शब्द स्पष्टपणे बोलावयास हवेत. काही निरूपणांत गृहस्थाच्या संचयाची निर्भर्त्सना होते आणि अपरिग्रहाचा आदर्श त्याच्यापुढे जसाच्या तसा ठेवला जातो. परंतु अपरिग्रह हा भिक्षुकाचा आचार आहे. सर्वज्ञांनी भिक्षुकास संग्रह करू नये व भिक्षेवर निर्वाह करावा असे सांगितले, त्यात कोणाच्या तरी चुलीवर भाकरी भाजली जात आहे हे गृहीत आहे. गृहस्थाची कोठी रिकामी झाली तर झोळीत काय पडावे? एका भाकरीची भिक्षा कोणत्याही काटकसरी घरास जड होत नाही. चौघांच्या घरात पाचवी भाकरी नेहमीच निघते. जड होतो तो समारंभ. म्हणून पंचावतार उपहाराचा मान कोणत्या घरास द्यावयाचा हे ठरविताना महंतांनी त्या घरच्या गृहिणीस, एकटीस, एवढे विचारावे की हे पैसे कोठून येणार आहेत. पुरुष या प्रश्नाचे खरे उत्तर सहसा देत नाहीत.

काटकसरीचा दुसरा टोकाचा अतिरेकही घडतो, त्याची येथे नोंद करून ठेवणे पुरे. पोटास चिमटा काढून मुलांचे दूध बंद करणे आणि पतपेढीतील ठेव मात्र वाढविणे, हे कार्पण्य होय. अति खाणाऱ्यास योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यासही साधत नाही, असे गीतेच्या सहाव्या अध्यायाचे सांगणे आहे. ज्याच्या पगारातून राज्य कामगार विम्याची वर्गणी कापली जाते, त्याने आजारात चिंचवडच्या मोहननगर येथील विमा रुग्णालयाचा लाभ घेण्यात संकोच करू नये. ती सेवा फुकट नाही. तिचे मोल त्याने पगारातून भरलेले असते. तरीही कित्येक घरे खासगी दवाखान्यात जाऊन कर्ज करतात, आणि विम्याचे कार्ड कपाटात पडून राहते.

राहता राहिली खर्चवही. म्हाइंभटांनी लीळा मिळविताना ज्याने ती पाहिली त्याच्याकडे जाऊन विचारून घेतली. ऐकिवावर विसंबून ते राहिले नाहीत. पुढे पोथ्यांतून पाठभेदांचे शोधही प्रामाणिकपणे नोंदले गेले. अशी परंपरा लाभलेल्या वासनिकास आपल्याच घरचे शंभर रुपये कोठे गेले हे सांगता येऊ नये, याचे नवल वाटते. वही साधी असावी, रोज रात्री स्मरणास बसण्यापूर्वी लिहावी, आणि पती-पत्नी दोघांनी वाचावी. काही गृहिणी जमाखर्च अशा खुणांनी लिहितात की त्यापुढे सकळ लिपीही सुबोध वाटावी. त्यामागे बहुधा चार पैसे वेगळे राखण्याचा हेतू असतो आणि तो वाईट नसतो. पण ऋण मात्र कोणीही कोणापासून लपवू नये.

ज्या वस्तीत मार्गाची दहा-बारा घरे आहेत तेथे वर्षाचा उपहार एकत्र करण्याची सोय सहज होऊ शकते. प्रत्येक घराने आपल्या कोठीतील पायलीभर धान्य आणि जमेल ती वर्गणी द्यावी, कोणी किती दिले हे सभेत सांगू नये, आणि एकूण जमाखर्च मात्र त्याच दिवशी पंगत उठण्यापूर्वी सर्वांसमक्ष वाचून दाखवावा. शिल्लक राहील ती चैत्रात ज्या घराची कोठी रिकामी असेल त्यास गव्हासाठी बिनव्याजी द्यावी, दिवाळीच्या बोनसमधून परत घ्यावी, आणि वहीत तशी नोंद करावी.