तारेविना वीज: आमिश धर्मविचारातील एक भेद

ट्रॅक्टरच्या पीटीओला, म्हणजे इंजिनाची शक्ती बाहेरच्या यंत्राला देणाऱ्या दांड्याला, जनरेटर जोडून घरापुरती वीज काढणे हा अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचा जुना उपाय आहे. वादळात खांब पडले की ट्रॅक्टर सुरू करायचा आणि लाइन परत येईपर्यंत दूध थंड ठेवायचे. यात धर्माचा प्रश्न कोणाला दिसत नाही. पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर परगण्यातल्या आमिश लोकांपुढे मात्र तो उभा राहिला. त्यांच्या घरात लाइन येतच नाही. त्यामुळे इंजिनावर काढलेली वीज पर्यायी म्हणता येत नाही, आणि ती कितपत वापरावी हे मंडळीला, म्हणजे स्थानिक चर्चला, ठरवावे लागते.

1693 मध्ये याकोब आमान यांच्या पुढाकाराने अ‍ॅनाबॅप्टिस्ट ख्रिस्ती लोकांत फूट पडली आणि हा पंथ वेगळा झाला. जगाच्या चालीने चालू नये, हा रोमकरांस पत्रातील उपदेश त्यांच्या आचाराचा पाया आहे. 1920 च्या सुमारास लँकेस्टरच्या बिशपांनी बाहेरच्या तारेवरची वीज निषिद्ध ठरवली. बॅटरी चालू राहिली.

विजेत पाप आहे असे आमिश मानत नाहीत; तसे असते तर बॅटरीही वर्ज्य झाली असती. आक्षेप तारेवर आहे. तार घरात आली की वीज कधी कमी पडत नाही, आणि रेडिओपासून टीव्हीपर्यंत सगळे कोणी न ठरवताच मागोमाग आत येते. इंजिन मात्र उठून सुरू करावे लागते, त्यात डिझेल ओतावे लागते, त्याचा आवाज सोसावा लागतो. म्हणून जनरेटरला परवानगी मिळाली ती वेल्डिंग आणि बॅटरी चार्ज करण्यापुरती. ट्रॅक्टरचेही तसेच: गोठ्याजवळ उभा राहून त्याने यंत्रे फिरवावीत, शेतात नांगर घोडे किंवा खेचरेच ओढतील.

या विचाराची खरी परीक्षा 1960 च्या दशकाच्या अखेरीस झाली. दूध कंपन्यांनी कॅनऐवजी थंड टाक्यांचा आग्रह धरला. नकार दिला तर दुधाचा धंदा बुडणार होता. तडजोड अशी निघाली: टाकी डिझेल इंजिनाने थंड करायची, दूध ढवळायला 12 व्होल्टची बॅटरी, आणि रविवारी दूध उचलायचे नाही. रविवारच्या विश्रांतीची अट इथे तंत्राच्या अटींइतकीच ठाम होती, हे विसरता कामा नये.

डिझेलही बाहेरच्या जगातूनच येते, मग फरक काय? आमिशांनी संपूर्ण स्वावलंबनाचा दावा केला असता तर या आक्षेपाला उत्तर नव्हते. पण त्यांचा भर ईश्वराच्या आणि मंडळीच्या इच्छेपुढे स्वतःची इच्छा नमवण्यावर आहे. घरात काय यावे याचा निर्णय मंडळीच्या हातात राहावा, एवढेच ते मागतात. अधिक बोचरा आक्षेप वेगळा आहे. गोठ्याला आणि कारखान्याला सवलती मिळाल्या, कारण तिथे पोटाचा प्रश्न होता. घराचे नियम त्यामानाने कडक राहिले. मंडळीच्या निर्णयावर पैशाचे वजन पडते, हे नाकारता येत नाही.

हे नियम बहुतांशी अलिखित असतात आणि वर्षातून दोनदा, प्रभुभोजनाच्या आधी, मंडळी त्यांना नव्याने संमती देते. म्हणून गावोगाव फरक दिसतो. आता अनेक ठिकाणी सौर पॅनेल आले आहेत. इन्व्हर्टरमुळे 12 व्होल्टच्या बॅटरीतून 110 व्होल्टची वीज मिळते आणि जुनी सीमारेषा पुसट होते. काही मंडळ्या तो दुकानाच्या गल्ल्यावरील यंत्रापुरता चालवून घेतात, काही मुळीच नाही.